भोंग्याची पंचवीस मिनिटं

रेगे चीफ गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी शिपयार्डात एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो. आवाजात धड ऐकू येईना, म्हणून डेकवर येऊन पुन्हा फोन लावला. सकाळी चहा घेता घेता हार्ट अटॅक... पुढच्याच आठवड्यात ते युरोपात जाणार होते, युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दुसऱ्यांदा साक्ष द्यायला. मला रडू आलं नाही, राग आला. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर कोणाचं काय बिघडलं असतं?

नव्वदीच्या दशकात आम्ही एकाच जहाजावर होतो. ते चीफ इंजिनिअर, मी फोर्थ इंजिनिअर. आपल्या लोकांत फोर्थला 'चार साब' म्हणतात. पुढे मी सिंगापूरला एका कंपनीच्या जहाजांचा सुपरिंटेंडंट झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी तिथल्याच क्वीन्सटाउनमधल्या आपल्या फ्लॅटचं दार उघडताना ते "या चार साब" असंच म्हणायचे. खटला चालू आहे म्हणून त्या बंदराचं नाव लिहीत नाही. तिथे यादवी चालू होती. आम्ही धक्क्याला लागलो त्या दुपारी एक अधिकारी सैनिक घेऊन जहाजावर चढला आणि डेकवर आमच्यादेखत कॅप्टनला म्हणाला, मी सांगेपर्यंत भोंगा वाजत राहिला पाहिजे. धक्क्यावरच्या शेडमध्ये पकडून आणलेली माणसं कोंबली होती, ती आम्ही डेकवरून पाहिली होती. भोंगा हवेच्या दाबावर वाजतो आणि ती हवा देणारे कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात. पंचवीस मिनिटं मी दाब टिकवून धरला. त्या आवाजात गोळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. संध्याकाळी शेडमधली माणसं ट्रकमध्ये टाकून नेली, एकही आपल्या पायांनी चालत गेला नाही.

कॅप्टनने आपल्या लॉगबुकात त्यातलं काही लिहिलं नाही. चीफनी इंजिनरूमच्या लॉगमध्ये लिहिलं : 'दोन दहा ते दोन पस्तीस, सतत भोंगा, किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून.' खाली सही. कॅप्टन म्हणाला, "पान फाड, रेगे. कशाला नसती आफत?"

"लॉगमधलं पान फाडत नाहीत साहेब," चीफ म्हणाले आणि जेवायला गेले.

ते लॉगबुक कितीतरी वर्षं कंपनीच्या गोदामात पडून होतं. त्या अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला तेव्हा तपास करणाऱ्यांनी ते हुडकलं आणि चीफना साक्षीला बोलावलं. तिथे बचावाच्या वकिलाने बरोबर दुखरी जागा पकडली. शेडमधून जखमी होऊन वाचलेले दोघं सांगत होते की गोळीबार तीननंतर झाला, आणि लॉगमध्ये भोंगा दोन दहाचा. म्हणजे भोंग्याचा आणि गोळीबाराचा संबंधच काय? खरं कारण इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटते. त्या बंदराची वेळ एक तास पुढची, म्हणून आत शिरताना जहाजाची घड्याळं तासभर पुढे करायची होती. वर जहाज चालवतात त्या ब्रिजवरचं झालं. इंजिनरूममधलं करायचं काम माझं होतं, आणि मी विसरलो होतो. चीफ म्हणाले, आमचं घड्याळ एक तास मागे होतं. वकिलाने विचारलं, ते लावायची जबाबदारी कोणाची? "इंजिनरूममधल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी माझी," चीफ म्हणाले. तीन दिवस उलटतपासणी झाली, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला आणि शेडच्या आरोपातून तो अधिकारी सुटला.

मी तेव्हा काय करत होतो? सिंगापूरचा नोकरीचा पास रिन्यू करत होतो, पोरांच्या शाळेचं बघत होतो. माझ्या कंपनीची जहाजं आजही त्या बंदरात जातात.

अपिलात निकाल फिरला, त्या आरोपाचा खटला पुन्हा चालवायचं ठरलं. चीफची मुलगी वैतागली : "बाबा, इनफ लाह! यू ऑलरेडी टोल्ड देम." चीफ हसले. "सांगितलं, पण त्यांना पटलं नाही ना!" त्याच रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर माझ्याबरोबर फिरताना ते मध्येच थांबले.

"चार साब, ते घड्याळ..."

"मी विसरलो होतो, चीफ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

"माहीत आहे रे. पण हे तू कोर्टाला सांगायला हवंस."

मी म्हटलं, बघतो. ती आमची शेवटची भेट.

आता बचावाचे वकील म्हणतात, साक्षीदार मेला, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, तेव्हा त्याची जुनी साक्ष वाचू नका. अहो, तीन दिवस घेतलीत की! अजून किती घ्यायची होती?

गेल्या आठवड्यात मी फिर्यादी पक्षाच्या वकिलांना पत्र पाठवलं. घड्याळ मागे होतं, ते पुढे करणं माझं काम होतं, मी केलं नाही, मी हजर होईन. कंपनीतल्या साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, विचार कर. केला. पास गेला तर पुण्याला घर आहे.

पत्र वहिनींना दाखवायला गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग आत जाऊन चीफचा लोकरीचा कोट आणला. "तिकडे थंडी असते, अंगाला होतो का बघ." खांद्यात सैल होतो. तरी नेणार आहे.

पहिला प्रश्न ठरलेला आहे : इतकी वर्षं गप्प का बसलात? घाबरलो होतो, एवढंच सांगणार. मग त्यांना घड्याळाबद्दल विचारावं लागेल, भोंग्याबद्दल विचारावं लागेल, समोर बसलेला आरोपी तोच अधिकारी का, हेही विचारावं लागेल. तोच आहे.