खोडलेलं जबरान

हल्ली नातीच्या वयाच्या वकील पोरी माझ्याकडे येतात. नवा कायदा आला, नवा निकाल आला, आता काय करू म्हणून विचारतात. मी आधी विचारते, "तुझा पक्षकार त्या गोष्टीला काय म्हणतो?" पोरी कलम सांगतात. मी म्हणते, कलम नको, त्याचा शब्द सांग. त्यांना वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं. येतंच कमी. पण खरी बहिरी मी तेव्हा होते, जेव्हा दोन्ही कान शाबूत होते.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नागपूरला कायदा शिकून मी वडशाला परतले होते आणि रोज एसटीने कुरखेड्याला जाऊन तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसत होते. शिंप्याने त्याआधी बाईचा काळा कोट शिवला नव्हता, त्यामुळे बाह्या चार बोटं लांब. सही करायची तर आधी हात शोधावा लागे. त्या कोटात मी स्वतःला फार मोठी वकील समजत असे. कॉलेजात मराठीच्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं, हे कुणी न विचारता सांगत असे.

कचेरीत तेव्हा एकच विषय होता. ठरलेल्या तारखेच्या आधीपासून जंगलाच्या जमिनीत धान पिकवणाऱ्यांचं अतिक्रमण नियमित करून त्यांना पट्टे द्यायचे, असा सरकारी निर्णय होता. त्यात केंद्राचा नवा वनकायदा आलेला, जंगलाची जमीन द्यायला दिल्लीची परवानगी मागणारा. म्हणजे पट्टे द्यायच्या लोकांची यादी एकदा वर सरकारकडे गेली की मागून नाव घालणं जवळपास अशक्य. चंद्रपूरचे माझे सीनियर, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, त्यांनी मला एवढंच बजावलं होतं, "पक्षकार जे सांगते ते लिही. तिच्या तोंडात तुझे शब्द घालू नको." मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज होते.

एक दिवस पलीकडच्या गावची एक विधवा आली. दीड एकराची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. मूलबाळ नाही.

"जमीन कशी आहे?" मी विचारलं.

"जबरान हाय, वकीलबाई. माया नवऱ्यानं झुडपं काढून बांधी बांधली. तो गेला. आता मीच करून राह्यली."

आमच्या भागात जंगलाची जमीन विनापरवाना कसली की तिला जबरान जोत म्हणतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही. कोरडवाहू म्हणावं, ओलिताची म्हणावी, तशी जबरान. तिने पदराखालून एक पुडकं काढलं. वनखात्याच्या नाकेदाराने, म्हणजे वनरक्षकाने, केलेल्या दंडाच्या पावत्या.

"नाकेदार दरसाल येते. दंड मारते, पावती देते. मंग कोंबडा नेते. कोंबड्याची पावती नाई देत."

मी हसले नाही. मोठी वकील ना! माझ्या कानाला 'जबरान'मध्ये जबरदस्ती ऐकू आली आणि पावत्यांत गुन्ह्याची कबुली दिसली. म्हटलं, या गरीब बाईला मी निर्दोष करून सोडते. शपथपत्राचा कच्चा मसुदा होता, त्यातला जबरान शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'वडिलोपार्जित मूळ वहिवाट, अतिक्रमण नव्हे.' वाचून मीच खूश.

व्हरांड्यातल्या टायपिस्टने बोटं थांबवली. "बाई, जबरान काऊन खोडलं? समदे तं तेच टाकतेत."

"अहो, शपथेवर कोणी गुन्हा कबूल करतं का?"

"तुमी जाणा. माया मशीनवर ळ उठत नाई, तेवढा हातानं करून घ्या."

'मूळ'चं 'मूल' झालं होतं. मी सगळे ळ शाईने सुबक काढले.

ती विधवा म्हणाली, "वाचून दाखव ना वं." मी वाचलं, अगदी वक्तृत्व स्पर्धेसारखं. तिने विचारलं, "हे कोनाचं व्हय?"

"तुमचंच."

"माया सासऱ्यानं तं ते रान पाह्यलंबी नाई."

"बाई, असंच लिहितात."

"तू शिकलेली. तुले ठाव." असं म्हणून तिने अंगठा दिला. पावत्या कुणाला दाखवायच्या नाहीत, असं बजावून मी तिला घरी पाठवलं.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. कारकुनाने माझंच शपथपत्र माझ्यापुढे धरलं. "यात अतिक्रमण नाही म्हणता. मग आम्ही नियमित काय करायचं? वडिलोपार्जित आहे तर सातबारा आणा."

"ते चुकून लिहिलं गेलं."

"चुकून शपथ घेतली?"

मी चंद्रपूर गाठलं. भाऊंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले, "ळ तेवढे झकास काढलेस." दुसरं शपथपत्र द्यावं तर बाई पहिल्यात खोटी ठरते. न द्यावं तर जमीन जाते. शेवटी दिलं. सोबत पावत्या जोडल्या आणि चूक माझी आहे असं माझं पत्र. उत्तर आलं की यादी वर गेली आहे, पावत्या परत घेऊन जा. मग मी दर आठवड्याला त्या टेबलापुढे उभी राहायची. कारकून वाईट नव्हता. त्याच्याही हातात काही नव्हतं. तो मला स्टूल द्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात वनखात्याने तिच्या बांधीत सागवान लावायला खड्डे खणले. मी गेले तेव्हा ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती.

"धुरा तं ठेवा म्हणलं, पाणी थांबते. त्याईले पाणी नाई पायजे म्हने."

ती मला एक शब्दही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. निघताना तिने ते पुडकं माझ्या हातात दिलं. "माया घरी उंदरं हायेत. तुयापाशी राहू दे."

पुष्कळ वर्षांनी वनहक्काचा कायदा आला आणि तसल्याच दंडाच्या पावत्या पुरावा म्हणून चालू लागल्या. तोवर ती गेली होती, मागे कोणी नव्हतं आणि साग माझ्या कवेत येण्याएवढे झाले होते. मी तरी पुडकं काढून एकदा तारखा तपासल्या. सगळ्या मुदतीतल्या होत्या.

आता एखादी पोरगी माझ्यासमोर पक्षकाराचं वाक्य सुधारायला लागली की मी तिला ते पुडकं सोडायला लावते. ती वाचते, बाईचं नाव, गाव, दंड. खाली गुन्ह्याच्या रकान्यात नाकेदाराच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात दरसाल एकच शब्द, जबरान.