फाट्यावरचा एकटा दिवा

दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या काळीपिवळी जीपचा तो ड्रायव्हर. रोज मी त्याच्या शेजारी बसतो, पण नाव कधी विचारलं नाही. माणूस अबोल, मानेवर ओला दुपट्टा. शहरातल्या सिग्नलवर मात्र हटकून पुटपुटतो, "वरचा... अजून वरचाच... हां, खालचा. चाला." मला ती त्याची लकब वाटायची.

बायपासच्या फाट्यावर एकच दिवा लुकलुकतो. पिवळा असला की जपून निघायचं, लाल असला की पूर्ण थांबायचं. आमच्या बाजूला कायम पिवळाच असे. परवा तिथं लाल लावला होता. हा थांबेचना, आणि डावीकडून टिप्पर सुसाट येत होता.

"लाल हाय! थांबवा!" मी ओरडलो.

ब्रेक करकरले. टिप्पर बोनेटपुढून निघून गेला. मागची माणसं शिव्या देऊ लागली. तो डोळे बारीक करून दिव्याकडे पाहत राहिला, मग मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "मले तं कालच्यासारखाच दिसून राह्यला, भाऊ."

त्याला रंग कळतच नव्हते. तो दिव्याची जागा पाहून गाडी चालवत होता, आणि एकट्या दिव्याला वर-खाली नसतं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर त्यानं दुपट्टा टाकून ठेवला होता. "बसा भाऊ." फाटा आला तेव्हा त्यानं दिव्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"लाल," मी हळूच म्हणालो. तो थांबला.

आज रविवार. मी घरी आहे. त्याची जीप मात्र सकाळीच भरून निघाली असेल.