धुक्यातली हाक

"हाक मारली का ओ येतेच," हे काळुरामचं नेहमीचं बोलणं. मयतीच्या घरी गेला तरी तेच बोलायचा आणि हळदीला गेला तरी तेच.

त्याला कारण होतं. पेणच्या खाडीकाठी त्याचं गाव. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खारं पाणी आणि मधून मातीचा बांध, त्यावर एका माणसापुरती वाट. थंडीत सकाळी असं धुकं उतरतं, की लांब दिसणाऱ्या डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या तर सोडाच, स्वतःची पावलंही दिसत नाहीत. तेव्हा बांधावरून जाणाऱ्यानं "होऽऽ" अशी हाक द्यायची आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं, तोंडात घास असला तरी, "ओऽऽ" म्हणायचं. ओ आली नाही, तर कोणी चिखलात रुतलंय असं धरून गावानं धावायचं. काळुरामचा पोरगा मितेश या हाकांतच मोठा झाला. बाप बांधावरून हाक द्यायचा, आई सरू चुलीपाशी बसून ओ द्यायची, आणि मग भाकरी तव्यावर पडायची.

मितेश कोळंबीच्या तळ्यांचं काम शिकला. आधी खाडीवर राबला, मग एका कंपनीनं त्याला पार दक्षिण अमेरिकेत नेलं, इक्वेडोर देशातल्या ग्वायाकिल शहरात. तिथंही भरती-ओहोटीची गढूळ नदी, तिवरांचं रान आणि तळीच तळी. पण शहराचं नाव वाईट झालेलं. टोळ्यांची मारामारी, खंडणी, रस्त्यात लष्कराच्या गाड्या. सरू गेली तेव्हा मितेशला वेळेत पोचता आलं नाही. वर्षभरानं त्यानं बापाला बोलावून घेतलं. परतीचं तिकीट काढलं होतं, पण ते विमानतळावर दाखवण्यापुरतं. बाबाला इथंच ठेवून घ्यायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. बोलला मात्र कोणाजवळ नाही.

निघायच्या दिवशी काळुरामचा फोन चालूच राहिला होता, म्हणून शेजारच्या इंदुबाईचं बोलणं मितेशलाही ऐकू आलं.

"काळूदादा, नको जाव. तिकडं दिवसाढवळ्या गोळ्या घालतात म्हनं."

"आपला हायवे काय फुलं घालतो गो मानसांवर?"

"हसू नको. कोंबड्या कोन बघंल तुझ्या?"

"तू हायस ना. अंडी तुझी, कोंबड्या माझ्या. आल्यावर मोजून घेनार."

"आल्यावर म्हनं! पोरगा सोडंल तर येशील."

ग्वायाकिलात मितेशच्या वसाहतीला उंच भिंत, भिंतीवर विजेची तार आणि फाटकात विल्सन नावाचा बंदूकवाला राखणदार. "एकट्यानं फाटकाबाहेर पाय नाय, रस्त्यात हातात फोन नाय," मितेशनं पहिल्याच दिवशी बजावलं. तो तळ्यांवर गेला की काळुराम नदीकडच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून बसायचा. भरतीबरोबर जलपर्णीचे पुंजके वर जायचे, ओहोटीबरोबर खाली यायचे.

"सकाळी गेलेलं हिरवं परत आलं," एकदा तो म्हणाला. "बरी हाय रं तुझी नदी. धाडलेलं परत आनते."

मितेशनं ताटात मान घातली. पण ते दिवस त्याला गोड लागत होते. कामावरून आलं की घरात दिवा असायचा, भाजलेल्या सुक्या जवळ्याचा वास असायचा. इतकी वर्षं राहून त्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं.

मग एका संध्याकाळी पाऊस भुरभुरला आणि नदीवर धुरकट पडदा आला. त्यात एक माणूस होडीत एकटाच. काळुरामला राहवलं नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं हाक दिली, "होऽऽ!" ओ आली नाही. रुतला बिचारा, असं वाटून त्यानं छातीच्या जोरावर पुन्हा दिली.

होडीवाला खाली वाकला आणि इंजिन मारून पळाला. वसाहतीत खिडक्या धडाधड बंद झाल्या. एक बाई पोराला उचलून आत धावली. तिथं लुटारू नदीतून येतात. नदीकाठी ओरडा झाला, की हल्ला आला. विल्सन बंदूक रोखून आला. त्याच वेळी मितेश फाटकातून शिरला आणि मधे जाऊन उभा राहिला.

"बाबा, येडा झालास काय? मारला असता तुला!"

काळुरामचे हात अजून तोंडाशीच होते. "त्यानं ओ नाय दिली रं."

"देनार नाय! हितं कोनी कोनाला ओ देत नाय!"

बापानं हात खाली घेतले. "मंग तू कसा रातोस?"

म्हणून तर तुला आणलं, हे मितेशच्या ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "सवय व्हते."

जेवताना काळुरामनं पुन्हा विषय काढला. "तुला मी पायजे काय हितं? सांग. रावतो मी."

दिवसभर कठड्यापाशी एकटा बसलेला बाप मितेशला दिसला आणि मघाची बंदूकही. "तुला नाय करमनार, बाबा."

"माझं नाय इचारलं मी."

मितेश उठला आणि ताट घासायला लागला.

"मंग तू चल," मागून बाप म्हणाला.

"काम हाय ना."

परतीचं तिकीट होतंच.

विमानतळावर दारादारांत सैनिक. काळुरामनं पोराच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवी खांद्याला मारली आणि निघाला. त्या रुंद, गुळगुळीत फरशीवरही तो एका पावलापुढं एक पाऊल टाकत चालला होता, जणू दोन्ही अंगांना पाणी होतं. मितेशनं हात तोंडाशी नेले. शेजारच्या सैनिकानं मान वळवून पाहिलं. हात अर्धेच राहिले, आणि "हो" निघाली ती इतकी बारीक, की बांधावर दोन पावलंही गेली नसती.

काळुराम थांबला. कान दिल्यासारखी त्यानं मान कलती केली. पुन्हा हाक आली नाही. मग पिशवी सावरून तो चालू लागला. सैनिक केव्हाच दुसरीकडे बघत होता. मितेश एकटाच बघत राहिला, गर्दीतून ती पिशवी दिसेनाशी होईपर्यंत.