सत्तेचाळीस नंबरची आई

आमच्या केंद्रात त्यांना सगळे फूटपट्टीबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे. मग एकदा त्यांनीच फोन उचलून "हं, फूटपट्टी बोलतेय" असं सांगितलं आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही.

आमचं केंद्र लहान मुलांचा अभ्यास करतं. आईबाप मुलांशी कसे वागतात, लहानपणी सोसलेले हाल पुढे मनात कुठे रुतून बसतात, चिडलेलं मूल शांत व्हायला कुणाकडून शिकतं, असल्या गोष्टी. त्यासाठी आई आणि मूल यांना एका खोलीत गालिच्यावर बसवतात, पुढ्यात खेळण्यांची टोपली ठेवतात आणि पाच मिनिटं कॅमेरा चालू करतात. ती पाच मिनिटं मग आमच्यापैकी कुणीतरी पुन्हा पुन्हा बघायची आणि आईला एक ते सात यांतले गुण द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात मी एका हसऱ्या आईला सहा दिले. बाईंनी टेप मागे नेली.

"मूल तोंड फिरवतंय ते दिसलं का? आणि ही अजून त्याच्या नाकासमोर बदक नाचवतेय. हिचा खेळ बदकाशी चाललाय. तीन."

तीनच होते. पुन्हा बघितल्यावर मलाही तीनच दिसले आणि स्वतःचा असा राग आला की दुपारचा चहा कडू लागला.

कामाला लागलेल्या नव्या मुलींनी दिलेले गुण बाईंच्या गुणांशी ताडून बघायचे आणि दहापैकी नऊ वेळा जुळले की मुलगी पास, असा इथला नियम. म्हणून फूटपट्टी. केंद्र चालवणाऱ्या सरांच्या प्रत्येक शोधनिबंधात एक ओळ असते की गुण एका अनुभवी निरीक्षकाशी पडताळून घेतले आहेत. ती अनुभवी निरीक्षक म्हणजे आमच्या बाई, आणि ती ओळ त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. गर्व होता त्यांना. का नसावा?

शिक्षण बेताचं. पाळणाघरात अकरा वर्षं काढलेली, एका वेळी चौदा पोरं. सर तरुण असताना प्रश्नांची यादी घेऊन तिथे गेले, तेव्हा बाईंनी ती वाचून परत दिली आणि म्हणाल्या, "असं विचारलंत तर कुठलीही आई खोटंच सांगेल." सरांनी महिन्याभरात त्यांना केंद्रात आणलं. घरी बस चालवणारा नवरा आणि एक मुलगा. बाईंचा आवाज असा की तिसऱ्या खोलीतला माणूस उठून उभा राहावा. "माझ्या घरात कॅमेरा लावला असता ना," त्या म्हणायच्या, "तर मला दोन मिळाले असते. तेही नवऱ्याच्या भरवशावर."

तर सत्तेचाळीस नंबर. बाईंचं ते पहिलंच वर्ष होतं, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसं कमी असल्यामुळे टेप करायच्या त्याच आणि दोन-तीन आठवड्यांनी बसून गुण द्यायच्याही त्याच. सत्तेचाळीस नंबरच्या टेपमध्ये बावीस वर्षांची एक आई आणि तिची सात महिन्यांची मुलगी आहे. मुलगी आवाज काढते, आई गप्प. मुलगी डबा आपटते, आई तिच्या हातातून तो हळूच काढून घेते. मुलगी हात वर करते, आई तिला उचलते, पण चकार शब्द नाही. आणि मधेच, पाच मिनिटांत चार वेळा, ती मुलीवरची नजर काढून डावीकडे कुठेतरी बघत राहते. बाईंनी तिला एक दिला. एक गुणाची अशी स्वच्छ टेप आमच्याकडे दुसरी नव्हती. शिकवण्यासाठी वापरायला हरकत नाही, अशी त्या आईची सहीही होती. त्यामुळे दर वर्षी नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी हीच टेप लागायची.

मीही बघितली. बघून चुकचुकले, त्या पोरीची दया आली आणि शेजारणीला म्हणाले, "अशा बायकांना मुलं होतातच कशी?" हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पुढे तर केंद्रात तो शब्दच झाला. कुणी हाकेला ओ दिली नाही की, "काय गं, सत्तेचाळीस झालीस का?" शिपायापासून सरांपर्यंत सगळे म्हणायचे.

यंदा अभ्यासाचा दुसरा टप्पा सुरू झाला. तेव्हाची बाळं आता स्वतः आईबाप झाली होती, त्यांना त्यांच्या बाळांसह बोलवायचं होतं. सत्तेचाळीस नंबरची मुलगीही आली, कडेवर सात महिन्यांची लेक. त्यांची टेप मी बघितली. इतकं मोकळं, एकमेकींकडे बघत, थांबत, पुन्हा सुरू होत चाललेलं खेळणं मी फार थोडं बघितलं आहे. मी सहा दिले, बाईंनीही सहा दिले. सर तर खुर्चीतून उठलेच.

"अशा आईची अशी मुलगी! हिला कुणीतरी सावरलं असणार. वडील? शेजारीण? एखादी शिक्षिका? बाई, तुम्ही तिच्याशी बोला. मला हे परिषदेत मांडायचंय."

मुलीला विचारायच्या आधीच उत्तर बाहेरच्या बाकावर बसलेलं होतं. लेकीबरोबर तिची आई आली होती. आता पंचेचाळीसची, गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला, आणि आजी झालेली. बाई आणि मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा आजींची पाठ आमच्याकडे होती. नात मांडीवर होती आणि आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"कोण आलं? कुणीच नाही आलं. मग दार कुणी वाजवलं? तू वाजवलंस? बरं बाई, तू म्हणशील तसं. पायमोजा कुठाय? खाल्लास? दाखव पोट!" नात खिदळत होती, श्वास घ्यायला थांबत होती आणि आजीही तेवढंच थांबत होत्या.

मग त्यांना बाईंची चाहूल लागली. वळून बघितलं, ओळखलं, आणि बोलणं तिथल्या तिथे बंद. तोंड मिटलेलं, पाठ ताठ. टेपमधला तोच चेहरा.

बाई समोर स्टूल ओढून बसल्या. "अहो, थांबलात का? बोला ना तिच्याशी."

"चालेल?" आजींनी विचारलं. "रेकॉर्डिंग नाही ना चालू?"

"नाही. आणि असलं तरी काय झालं?"

"नाही, मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, आवाज करू नका म्हणून. माइक नाजूक आहे, टेप बिघडली तर परत यावं लागेल. मला कारखान्यातून दुसरी सुट्टी मिळाली नसती, ताई. मी अगदी श्वास रोखून बसले होते. ही पोरगी डबा आपटायला लागली तेव्हा तर घामच फुटला. दोन-चारदा तुमच्याकडे बघितलं, म्हटलं, झालं का पुरे? पण तुमचं लक्ष कॅमेऱ्यात होतं." त्या जराशा हसल्या. "मी मामीकडे वाढलेली. गप्प म्हटलं की गप्प, तिथे दुसऱ्यांदा कुणी सांगायचं नाही. बिघडली नाही ना टेप?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चांगली आली."



आत येऊन बाईंनी कपाटातून सत्तेचाळीस नंबरची जुनी फाइल काढली. प्रत्येक भेटीच्या कागदावर शेवटी शेऱ्याची एक ओळ असते. तिथे बाईंच्याच अक्षरात होतं: "आवाजाबद्दल सूचना दिली. आई सहकार्य करते." तीन आठवड्यांनी त्याच हातानं एक दिला होता, त्या टेपांच्या ढिगाऱ्यात नुसता नंबर बघून. मग टेप लावली. पहिल्यांदा आई डावीकडे बघते ते चाळिसाव्या सेकंदाला. बाईंनी चित्र थांबवलं. कॅमेऱ्याच्या डावीकडे कोण उभं होतं हे मला विचारायची गरज नव्हती.

"माझ्याकडे बघतेय गं ही," बाई म्हणाल्या. "मला विचारतेय. आणि मी लिहिलंय, लक्ष नाही."

त्या आठवड्यात टेपांच्या खरखरीनं त्या वैतागल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक आईला तेच सांगत होत्या. त्यांना म्हणायचं होतं, खुर्ची सरकवू नका, दार आपटू नका. त्या आठवड्याच्या बाकीच्या अकरा टेपाही आम्ही दोघींनी बसून बघितल्या. त्या अकराजणी मजेत बडबडत होत्या. "बाकीच्यांनी माझं ऐकलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "जिनं ऐकलं तिला एक दिला मी."

सरांना सांगितलं तेव्हा सर आधी दार लावून आले. माणूस वाईट नाही, पण घाबरला होता. "बाई, चारशेत एक टेप. सरासरी तसूभर हलणार नाही. आणि तुम्ही हे लिहून दिलंत तर लोक विचारतील, उरलेल्यांचं काय? तेवीस वर्षांचे सगळे गुण तुमच्यावर उभे आहेत. दोन वर्षांनी निवृत्त होताय. तुमचं नाव..."

"माझंच नाव आहे म्हणून मीच लिहून देणार." बाईंचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा तिसऱ्या खोलीत गेला. "लोकांना विचारू दे. बघू दे सगळ्या टेपा. माझे गुण बरोबर आहेत, मला ठाऊक आहे, मी घाबरत नाही. हा एक चुकलाय, तर चुकलाय म्हणायचं. आणि सरासरीचं मला सांगू नका. ती बाई तुमच्या दारात बाकावर बसली होती, आणि आत आपण तिच्या नावानं एकमेकांना चिडवत होतो."

सरांनी दाराची कडी काढली. मग म्हणाले, "तिला सांगायचं?"

"तिलाच तर सांगायचं."

पुढच्या आठवड्यात आजी आल्या, सुट्टीच्या दिवशी, लेक आणि नात बरोबर. आम्ही शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मिळून बाराजणी शेजारच्या खोलीत काचेपलीकडून बघत-ऐकत बसलो होतो. त्यांना विचारूनच, पण चोरासारख्या. बाईंनी आडवळण घेतलं नाही. टेप दाखवली, सात गुण म्हणजे काय ते सांगितलं, एक म्हणजे काय तेही सांगितलं, शेऱ्याचा कागद पुढे ठेवला.

"मी तुम्हाला गप्प बसवलं आणि गप्प बसलात म्हणून नापास केलं. चूक सर्वस्वी माझी. तुमचा गुण आता रद्द झालाय, तसं मी लिहून दिलंय. माफी मागते."

आजी पडद्यावरच्या त्या बावीस वर्षांच्या पोरीकडे बघत होत्या. "म्हणजे ही टेप शिकवायला वापरलीत."

"हो. दर वर्षी."

"काय शिकल्या मुली त्याच्यावरून?"

मला वाटलं बाई काहीतरी गुळमुळीत सांगतील.

"आईनं कसं असू नये ते," बाई म्हणाल्या.

लेक ताडकन उठली. आजींनी तिचा हात धरून खाली बसवलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तुम्ही तिथेच होतात ना, ताई? दोन हातांवर. टेप संपली, तुम्ही मला दारापर्यंत सोडायला आलात. एका शब्दानं विचारलं असतंत, का हो गप्प होतात? सांगितलं असतं की मी!"

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण नजर खाली घातली नाही. "विचारायचं नाही, फक्त बघायचं, असा आमचा नियम होता. आणि मला माझ्या डोळ्यांचा फार भरवसा."

नातीनं टेबलावरचा शेऱ्याचा कागद ओढून तोंडात घातला आणि आजींनी नेहमीच्या सवयीनं तो काढून घेतला.

"तुम्हाला माहीतच नाही," त्या मग म्हणाल्या, हळू. "इथून निघाले ना त्या दिवशी, ते घरापर्यंत हिच्याशी बोलत गेले. चालत. मोठ्यानं. लोक वळून बघत होते. म्हटलं, पाच मिनिटं पोर माझ्याशी बोलत होती आणि मी उत्तर दिलं नाही, आता सगळं देऊन टाकू."

फूटपट्टीबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा कागद-पेन न घेता विचारलं, "काय बोललात?"

आजींनी लेकीकडे बघितलं, नात तिच्या मांडीवर दिली, खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागल्या.