सातविणीचा दोरा

गुणवंतीला निवांत बसलेली अशी कुणी पाहिली नव्हती. रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकायला बसते तीही उकिडवी, कधीही उठता यावं म्हणून. जेवताना एक डोळा चुलीवर, दुसरा दारावर. लग्न होऊन ती अंजनवेलीकडून खारवाडीत आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूने मुलाला विचारलं होतं, "हिला काय मुंगले डसलेत काय रं?" गंगाराम नवा नवरा. म्हणाला, "मना काय ठावूक? मी झोपलेलो." वाडी अजून हसते.

पण याच चळवळीपायी सासूने थोरल्या दोघी सुनांना सोडून सातविणीची साल काढायचं काम धाकट्या गुणवंतीकडे दिलं. कोंबड्याच्या आधी उठणारी घरात ती एकटीच होती.

पावस गावाच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीच्या दोन्ही अंगाला ही खारवाडी. आषाढी अवशीला, म्हणजे अमावास्येला, अख्खी वाडी सातविणीच्या झाडाच्या सालीचा रस पिते. पावसाळी मासेमारीची बंदी उठून होड्या पाण्यात जायच्या आधी पोट धुऊन निघालं पाहिजे, हिवताप वर्षभर दाराबाहेर राहिला पाहिजे. हे कुणी डॉक्टरला विचारलेलं नाही, आणि डॉक्टरनेही कधी कुणाला अडवलेलं नाही. खालच्या अंगाची हफीजाही दरवर्षी पेला भरून घेते. तिचा नवरा गुलाम रसूल गलबतावर असताना दर पावसाळ्यात थंडीतापाने थडथडायचा. रस प्यायला लागला नि ताप गेला, असं ती सांगते. पुढे नवराही गेला, पण तो तापाने नव्हे.

कामाची रीत कडक. आदल्या दिवशी झाडापुढे चिमूटभर तांदूळ नि सुपारी ठेवून सांगायचं, "उद्या येतंय, साल दे." बुंध्याला जाळ्याचा दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जायचं. बत्ती न्यायची नाही, लोखंड न्यायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. दगडाने ठेचून साल काढायची. जिने काढली तिनेच पहिला घोट घ्यायचा. बाकीच्यांनी सूर्य उगवताना प्यायचं. आषाढात सूर्य कुणाला दिसतो? म्हणून पावसहून येणारी पहिली एसटी वळणावर हॉर्न देते, तोच वाडीचा सूर्योदय.

दोरा शोभेसाठी नव्हता. घरामागच्या परड्यात दगडी गडग्याला लागून सातवीण आहे आणि तिच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, काजरा. दोघांचे बुंधे सारखेच जाड. सासू म्हणायची, "दोगी जावा हायत गो. एक दूध देते, दुसरी इख." सातविणीची साल काढली की पांढरा चीक येतो. काजऱ्याला चीक नाही. साल, बी, सगळं विषारी; त्याच्या बिया घालून पूर्वी पिसाळलेली कुत्री मारायचे.

त्या वर्षी अवशीच्या आदल्या दिवशी दुपारी चांगली उघडीप पडली. गुणवंतीने तांदूळ-सुपारी ठेवली, सातविणीला हिरव्या नायलॉनचा दोरा बांधला नि ती बाजाराला गेली. मागाहून गंगाराम जाळं शिवायला परड्यात आला. जाळ्याचं एक टोक त्याने गोठ्याच्या मेढीला बांधलं, दुसरं काजऱ्याला. सर आली तसं त्याने जाळं सोडून पडवीत ओढलं. काजऱ्यावरचा दोऱ्याचा फास तिथेच राहिला. गंगारामने जन्मात शेकडो फास असे कुठे कुठे सोडलेले. त्याला काय त्याचं.

पहाटे गुणवंती परड्यात गेली तेव्हा पाऊस धो धो पडत होता. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. हात पुढे करून ती चाचपत निघाली. हाताला बुंधा लागला, बुंध्यावर दोरा लागला. तिने नमस्कार केला, दगड घातला. साल निघाली तशी ओच्यात घेतली नि परत फिरली. पाणी हातावरून वाहत होतं.

घरात सून ऋतिकाने चूल पेटवून गारगोटी तापत ठेवली होती. गुणवंतीने साल पाट्यावर वाटली, ओवा, मिरी, लसूण घातली, रस गाळला. लाल झालेली गारगोटी त्यात सोडली. चर्र झालं. रीतीप्रमाणे पहिला घोट तिने घेतला.

कडू दरवर्षीच असतो. पण सातविणीचा कडू जिभेवर बसतो नि गुळाच्या खड्याने उठतो. हा टाळूला चिकटला. गुणवंतीने गूळ खाल्ला, आणखी खाल्ला. "यंदा लय कडू हाय गो," ती म्हणाली.

"तुमी दरसाल असंच बोलतंव आये," ऋतिका म्हणाली नि किटली घेऊन वाडीला वाटायला गेली.

गुणवंती न्हाणीत हात धुवायला बसली. तिथे कोनाड्यात खोबरेल काढून ठेवलेलं होतं. सातविणीचा चीक नुसत्या पाण्याने जात नाही, तेल चोळावं लागतं. नखांतला तर दोन दिवस निघत नाही. तिने तांब्या ओतला. हात स्वच्छ झाले.

ती हातांकडे बघत राहिली. बोटं एकमेकांना लावून बघितली. चिकटली नाहीत.

पावसाने धुतला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण सांगेपर्यंत ती परड्यात पोचलीही होती. फटफटलेलं. सातवीण अंगावर दोरा बांधून शहाण्यासारखी उभी होती, पायाशी तांदूळ भिजलेले, साल शाबूत. काजरा मात्र कमरेएवढ्या उंचीवर सोललेला, आणि वर हिरवा फास.

अंगाला कंप सुटला तो भीतीने की आणखी कशाने, ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की एसटी यायची आहे.

पहिलं घर लवूचं. लवू रिक्षा चालवतो आणि येता-जाता गुणवंतीची टिंगल करतो. तो पडवीत पेला घेऊन हॉर्नची वाट बघत होता. गुणवंती धापा टाकत पुढ्यात उभी राहिली. 'मी चुकलंय' हे शब्द तोंडाशी आले. पण चाळीस पावसाळे ही वाडी तिच्या हातचा रस पीत आली होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"लवू, पेला दे. ओवा टाकायचा र्‍हायला."

"र्‍हावंदे काकी. आमी काय बाळंतीण हाव? ओव्याबिगर पितंव."

"दे म्हनतंय ना."

"दिलेला प्रसाद परत न्यायला आलेली बाई मी पयलीच बघतंय. काय वो काकी, कमी पडला काय काकांना?" आणि त्याने पेला ओठाला नेला. हॉर्न झाला नव्हता, पण लवूला रीतीपेक्षा मस्करी मोठी.

गुणवंतीने त्याच्या हातावर फटका मारला. पेला अंगणात गडगडत गेला.

"काजरा हाय तो," ती म्हणाली. "मी काजऱ्याची साल काढली. इख हाय. मी चुकलंय."

लवू ओठ पुसायला लागला. मग थुंकायला लागला. मग उठून आत धावला, आत त्याची म्हातारी आईही पेला घेऊन बसली होती.

तिथून पुढे गुणवंतीने खोटं सांगितलं नाही. दारोदारी तेच ओरडत गेली, "सांडा, काजरा हाय, मी चुकलंय." लोक आधी हसत. गुणवंतीचं धावणं वाडीला नवं नव्हतं, ती मिठाची पुडी आणायलाही आग लागल्यासारखी जाते. मग तिचं तोंड बघून हसणं थांबे नि पेला ओतला जाई. पाखाडीवर रिकामी किटली घेऊन ऋतिका भेटली.

"वरच्या घरांत जा. सगल्यांना सांडायला लाव."

"पन काय सांगू आये?"

"सांग, सासू आंधली झाली."

हे बोलताना जबडा जड झाला. जणू कुणी हनुवटीला फडकं बांधून ओढत होतं. पायांच्या पोटऱ्यांत गोळे उठत होते. कुत्रं भुंकलं तरी सगळं अंग दचकत होतं. तरी ती उतरत राहिली, कारण खाली हफीजाचं घर उरलं होतं.

हफीजा ओट्यावर पेला धरून वळणाकडे तोंड करून उभी होती. "अगो, गुणवंती, हळू ये. रस काय पलून जातां?"

गुणवंतीने तोंड उघडायचा प्रयत्न केला. दात दातांवर बसलेले. घशातून नुसता घुं असा आवाज आला.

"काय झाला गो? तुजा तोंड असा काय?"

तेवढ्यात वळणावर एसटीने हॉर्न दिला. त्या आवाजासरशी गुणवंतीचं अंग धनुष्यासारखं ताठलं नि ती चिऱ्यांवर आडवी झाली.

हफीजाने लहानपणी काजरा घातलेला कुत्रा बघितला होता. तोही असाच ताठायचा, आवाज झाला की. तिने गुणवंतीकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं नि पेला माडाच्या अळ्यात उपडा केला. मग रिक्षा काढायला लवूला हाक मारली.

इस्पितळात तिला काळोख्या खोलीत ठेवलं. डॉक्टरीणबाई दाराशी हळू आवाजात म्हणाल्या, "यांना हलवायचं नाही, बोलवायचं नाही. शांत पडून राहिल्या तर वाचतील." गंगाराम बाहेर बाकड्यावर बसला होता. खिशात त्याने काजऱ्यावरचा फास सोडून आणलेला. कुणाला दाखवला नाही, टाकलाही नाही.

गुणवंती वाचली. घोट एकच होता. बाकी वाडीत कुणाच्या पोटात थेंब गेला नाही.

घरी आल्यावर गंगारामने कोयता काढला.

"खय चाललंव?" गुणवंतीने विचारलं.

"काजरा तोडतंय."

"फास तुमी टाकलाव, साल मी काढली नि तोडनार त्येला?"

गंगारामने कोयता ठेवला आणि होडीचा उरलेला लाल रंग आणून काजऱ्याला जाड पट्टा मारला. गुणवंती लांबून बघत होती. "काळोखात लाल दिसतो काय वो?" गंगारामने दुसरा हात मारला.

वाडीत वर्षभर हा विषय चालला. बाजारात गिऱ्हाईक विचारी, "काकी, मासली बगून दिलीस ना?" गुणवंती तराजू आपटून पाचपट शिव्या देई. पण रात्री अंथरुणावर ती बोटं एकमेकांना लावून बघे.

पुढच्या आषाढी अवशीला ती मोबाइलची बत्ती लावून परड्यात गेली. सासूची रीत मोडली. "सपनात आली तर सांगेन तिला," ती गंगारामला म्हणाली. सातविणीवर दगड घातला नि चीक बोटांवर येईपर्यंत बत्ती तिथेच धरली. रस केला. पण किटली घेऊन ऋतिकाला कुठे पाठवली नाही. पाठवून घेणार कोण?

तिने पहिला घोट घेतला आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. तुळशीपासून गडग्यापर्यंत, गडग्यापासून तुळशीपर्यंत. आजूबाजूच्या पडव्यांतून लोक बघत होते. कुणी उठलं नाही. ही चालतेय ती नेहमीसारखी, की गेल्या वर्षासारखी, हे कुणाला ओळखता येत नव्हतं.

हफीजा पाखाडी चढून आली. हातात रिकामा पेला. ओट्यावर टेकली.

"रस दे म्हनतां मी. पन आधी तू बस."

"मना काय झालेला नाय."

"मना काय ठावूक? तू बरी असलीस तरी नाचतंस, मरायला टेकलीस तरी नाचतंस. बस. बसून र्‍हायलीस का मी पितां."

गुणवंतीने तिच्याकडे रागाने बघितलं. मग ओट्यावर बसली.

"मांडी घाल."

तिने मांडी घातली. गुडघा हलायला लागला. हफीजाने गुडघ्याकडे बघितलं. गुडघा थांबला. चुलीवर दूध होतं, ते उतू गेल्याचा वास आला. गुणवंती उठली नाही. कोंबडी तांदळाच्या सुपात शिरली. गुणवंतीने नुसते दात खाल्ले. पलीकडच्या पडवीतून लवू उठून अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला, पेला पाठीमागे लपवून.

वळणावर एसटीचा हॉर्न झाला. सगळ्यांचे डोळे गुणवंतीवर. तिची पापणीही लवली नाही.

"भर," हफीजा म्हणाली नि पेला पुढे केला.