पावणेदोन मिनिटं

१९७०च्या सुमारास मी कलकत्त्यात डमडमहून एस्प्लनेडला ज्या बसने ऑफिसला जायचो, तिच्यात एक बंगाली गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आठवड्यातून एकदोनदा ते अचानक पोट दाबून धरत, ओठ चाटत राहत आणि हाक मारली तरी ओ देत नसत. मग दमल्यासारखे डोळे मिटून घेत.

"दादांनी काल पुन्हा इलिश मासा हाणलेला दिसतोय!" मागून कुणीतरी म्हणे आणि सगळे हसत. कलकत्त्यात पोटाची तक्रार कुणाला नसते? मीही हसे. शिवाय घड्याळ पाहून "आज पावणेदोन मिनिटं" असं जाहीर करत असे.

मध्ये चार महिने ते दिसले नाहीत. परतले तेव्हा फार वाळले होते.

"पोट उघडून पाहिलं, काहीच निघालं नाही," ते म्हणाले. "आता नवे डॉक्टर म्हणतात, हा फेफऱ्याचाच प्रकार असावा. कळ पोटात येते, पण दुखणं मेंदूतलं. शुद्ध किती वेळ हरपते, असं विचारतात. मला कसं कळणार? घरी मी एकटाच. दादा, तुम्ही कधी काही पाहिलंत?"

"दीड ते दोन मिनिटं," मी म्हणालो. ओठ चाटण्याचंही सांगितलं.

त्यांनी ते तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि दोनदा आभार मानले. मी ती मिनिटं का मोजत होतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.