डोंगरावरचा गार कॅमेरा

“कॅमेरा गार नसला ना, तर त्याला स्वतःचीच ऊब दिसत राहते, तारा दिसतच नाही,” तोताराम मला एकदा म्हणाला होता. देवपूरच्या बसथांब्यावर, पिशवीतली मेथी सांभाळत.

हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. बारावी नापास झाल्यावर तो धुळ्याला गुरांच्या दवाखान्यात लागला. तिथे वळूंचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवत. त्या टाक्या सांभाळणं हे त्याचं काम. पुढे, १९९० साली, शहराबाहेरच्या डोंगरावर एका संशोधन संस्थेने दुर्बीण बसवली आणि तिच्यामागे अवरक्त कॅमेरा लावला. ताऱ्यांची डोळ्यांना न दिसणारी उष्णता टिपणारा. त्याला रोज नायट्रोजन पाजावा लागे. ते हाताळणारा माणूस हवा, म्हणून तोताराम डोंगरावर आला. टाकी भरता भरता तो संगणकापुढे कधी बसू लागला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

संगणक तीन होते. एक वर घुमटात, कॅमेऱ्याला जोडलेला. दुसरा खालच्या खोलीत, तिथून हुकूम जात. तिसरा चित्रं साठवायला. तिघांमधून एकच काळी केबल फिरलेली; तिचं एक टोक सैल झालं की तिन्ही मुके. कोण रुसलंय हे तोताराम पडद्यावर अक्षरं कशी उमटतात यावरून ओळखायचा.

“तू तारासना ताप मोजस का रे?” त्याची आई धुरपदाबाई विचारायची. “मंग त्यासले औषध बी देत जाय!”

“औषध पोचस तोवर तारा मरी जाई, माय.”

जीप चालवणारा लोटन त्याला रोज छेडायचा, “काय तोतारामभाऊ, आज वर किती म्हशी मोजल्या?” तोताराम आकडा सांगायचा. “सतरा. एक वांझ.”

१९९६ च्या दिवाळीनंतर संस्थेचं पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत नाव घेण्यासारखं काही हाती लागलं नाही, तर मार्चमध्ये कॅमेरा दुसऱ्या राज्यातल्या उंच डोंगरावर हलवणार. सोबत शास्त्रज्ञ जातील, संगणक जातील. रोजंदारीवरचा ऑपरेटर जाणार नव्हता. पत्र इथले मुख्य शास्त्रज्ञ शालिग्रामसरांनी त्याला स्वतः वाचून दाखवलं. सहा वर्षं हा कॅमेरा त्यांनीच चालवला होता.

आशा एकच उरली होती. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, सात वाजून बावीस मिनिटांनी, चंद्र एका ताऱ्याला झाकणार होता. दक्षिणेतल्या एका वेधशाळेतूनही तेच टिपणार होते. दोन्ही नोंदी वेळेवर वेळ ठेवून जोडायच्या आणि ताऱ्याची नेमकी जागा काढायची.

त्या दिवशी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना खालचा पडदा गोठला. तोताराम जिने चढून गेला, केबलची टोकं एकेक चाचपली. घुमटातलंच एक सैल निघालं. त्याने ते आवळलं, तिन्ही संगणक बंद करून पुन्हा चालू केले. टाकीतला नायट्रोजन पाहिला, कॅमेऱ्याचं तापमान पाहिलं, तारा चौकटीत आणला. सात बावीसला पडद्यावरचा पांढरा ठिपका चंद्राच्या काळ्या कडेशी गेला आणि विझला. नोंद इतकी स्वच्छ आली की शालिग्रामसरांनी त्याचा हात धरून गदागदा हलवला. लोटन धुळ्याहून आणलेली जिलबी सोडायला लागला.

तोतारामने चित्रं टेपवर उतरवली. त्यासाठी संगणक परत एकदा बंद-चालू केले. मग तो नोंदवही भरायला बसला. तापमान लिहिलं. केबलचा बिघाड लिहिला. पुढचा रकाना होता: ‘रेडिओवरून घड्याळ जुळवले’.

दिल्लीहून रेडिओवर वेळेचे ठोके येत. संगणक नव्याने चालू झाला की त्याचं घड्याळ त्या ठोक्यांशी जुळवून घ्यायचं, हा नियम. केबल आवळल्यावर ते राहिलं होतं. पडद्यावर वेळ दिसत होती, आणि दिसणारी वेळ माणसाला खरीच वाटते. ती दोन सेकंद मागे असेल, पाच सेकंद पुढे. आता मोजायलाही ते घड्याळ उरलं नव्हतं. टेपच्या वेळी संगणक बंद केले, तेव्हाच ते पुसलं गेलं होतं.

त्याचं पेन थांबलेलं पाहून शालिग्रामसर जवळ आले. रकाना वाचला. केबलची नोंद वाचली.

“जुळवलंच असशील,” सर हलकेच म्हणाले. “सहा वर्षांत तू कधी विसरला नाहीस.”

तोताराम त्यांच्याकडे पाहत राहिला. सरांनी नजर वळवली.

“लिव्हा ना भाऊ ‘हो’,” लोटन म्हणाला. “जिलबी थंडी होऊ राहिली.”

दक्षिणेतल्या त्या अनोळखी माणसांनीही आज असंच काहीतरी खाल्लं असेल. उद्या ते आपली खरी वेळ या वेळेशेजारी मांडतील आणि तारा भलतीकडेच सापडेल. ‘हो’ लिहिलं तर इथे कुणालाच कळणार नाही. मार्चमध्ये कॅमेराही इथेच असेल.

तोतारामने रकान्यात ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली, वही सरांकडे वळवून ठेवली. दाराशी चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेर पडला.